उद्योग : पेठेंतला आणि पडद्यावरचा

चिपळूणच्या पेठेंतील एका किराणा दुकानदाराशीं माझा फार दिवसांचा परिचय आहे. त्यांचा मुलगा २०१९ सालीं मुंबईस पदवी घेऊन परत आला, तेव्हां आतां गादीवर बसावयास माणूस मिळाला असें वडिलांना साहजिकच वाटलें. मुलाच्या मनांत निराळें होतें. एके दिवशीं तो मला म्हणाला, "काका, या दुकानांत आहे काय? सकाळीं दार उघडायचें, रात्रीं लावायचें आणि मधल्या वेळांत साखर तोलायची. बाबांनीं तीस वर्षें हेंच केलें. यांत माणूस मोठा होणार कसा?" मीं विचारलें, "मोठें होणें म्हणजे काय, तें तूं कोठें पाहिलेंस?" त्यानें विचार करून चार-पांच चित्रपटांचीं नांवें सांगितलीं. त्या सर्वांत एक तरुण खिशांत दमडी नसतांना शहरांत उतरतो, एक गाणें संपतें न संपतें तोंच त्याची कचेरी थाटली जाते, आणि मध्यंतरानंतर त्याच्या दारांत मोटारींची रांग लागलेली असते.

मला हंसूं आलें, पण तें फार वेळ टिकलें नाहीं. मुलाचें बोलणें पोरकट नव्हतें. दुसऱ्याचा धंदा आंतून पाहण्याची संधि आपणांपैकीं किती जणांना मिळते? शेजारचा सोनार काय करतो हें आपणांस दिसतें. त्याला काय परवडतें हें दिसत नाहीं. तेव्हां उद्योग कसा करावा आणि त्यांत यश कशास म्हणावें, याविषयींच्या आपल्या बहुतेक कल्पना उसन्या असतात. पूर्वीं त्या कीर्तनांतून आणि कादंबऱ्यांतून येत. गेलीं शंभर वर्षें त्या पडद्यावरून येत आहेत, आणि आतां तर तो पडदा प्रत्येकाच्या तळहातावर मावतो. या पडद्यानें आपणांस उद्योगाचें काय दाखविलें आणि काय दाखवावयाचें ठेविलें, याचा आज थोडा विचार करावा असा माझा हेतु आहे. उदाहरणें शक्य तों कोंकणांतलीं आणि कोंकणी माणसांचीं घेईन, कारण तीं मला जवळचीं आहेत.

हिंदुस्थानांत हलतीं चित्रें पहिल्यानें दाखविलीं गेलीं तीं ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत. फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंचीं तीं लहान लहान सहा चित्रें होतीं, आणि तीं पाहण्याचा दर माणशीं एक रुपया होता. त्यांतील एक चित्र कारखाना सुटतांनाचें होतें. लिऑं शहरांतील ल्यूमिएर यांच्याच कारखान्याचें दार उघडतें, कामकरी बायका आणि पुरुष घाईघाईनें बाहेर पडतात, एक कुत्रें मध्येंच बागडतें, आणि पुरतें मिनिटही झालें नाहीं तोंच चित्र संपतें. त्याच वर्षीं, त्याच मुंबईंत, लालबाग-परळच्या गिरण्यांच्या दारांतून रोज संध्याकाळीं हजारों माणसें अशींच बाहेर पडत होतीं, आणि त्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतलीं किती होतीं हें सांगावयास नको. तें दृश्य पाहण्यास रुपया पडत नव्हता. परंतु हॉटेलांतल्या प्रेक्षकाला काय किंवा गिरणीवरून जाणाऱ्या वाटसरूला काय, दिसत होतें तें एवढेंच, कीं माणसें कामावरून सुटलीं. दाराच्या आंत त्यांनीं साऱ्या दिवसभर काय केलें, साच्यांच्या खडखडाटानें कान कसे बधिर झाले, कापसाची धूळ छातींत कशी बसली, हें दाराआडच राहिलें. पडद्याची आणि कष्टांची ही जी आरंभींची भेट झाली, तीच मला पुढच्या साऱ्या व्यवहाराची नांदी वाटते.

हीं माणसें मुंबईस कां गेलीं, तें चिपळूणला उभें राहिलें म्हणजे चांगलें समजतें. गांवाच्या अंगाला वाशिष्ठी, पोटांतून शिव नदी, पाठीशीं सह्याद्रि. दाभोळच्या खाडींतून भरतीच्या पाण्यावर गलबतें गोवळकोटच्या धक्क्याला लागत, आणि कुंभार्ली घाट उतरून कऱ्हाडकडचा माल खालीं येई. घाटावरचें धान्य खालीं, कोंकणांतलें मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर, असा हा व्यवहार. अशा सांध्यावर वसलेलें गांव व्यापारी होणारच. तथापि पेठ कितीही गजबजलेली असली तरी आसपासच्या वाड्यांवरील माणसांचें पोट तिच्यावर भरत नसे. जमीन डोंगरउताराची, शेती पावसाळ्याची, त्यांत खोताचा हिस्सा. खोतीची पद्धति गेली ती १९४९ च्या कायद्यानें. उरलेले आठ महिने हाताला काम नाहीं. म्हणून घरटीं एक तरी माणूस मुंबईस.

त्याला आपल्याकडे चाकरमानी म्हणतात. चाकरी करणारा एवढाच त्या शब्दाचा अर्थ; पण गांवांत तो उच्चारला जातो तो मानानें. शिमग्याला किंवा गणपतीला ट्रंक घेऊन येणारा चाकरमानी म्हणजे वाडींतली मोठी असामी. तो शहरांत नेमकें काय करतो, हें कोणी फारसें विचारीत नसे, आणि तोही सांगत नसे. महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर येते, एवढें पुरे होतें. मनिऑर्डरीच्या कागदावर मजकुराला जागा ती किती? तिच्यांत रात्रपाळी मावत नाहीं. सारांश, वाडींतल्या पोरांनीं मुंबईचें जें चित्र मनांत रंगविलें तें ट्रंकेंतल्या नव्या कपड्यांवरून आणि खाऊवरून. पडद्याला उगाच दोष कशाला द्यावा? हें चित्र तर पडदा कोंकणांत येण्यापूर्वींचेंच.

माणूस गांव कां सोडतो, हें मात्र पडद्यानें फार लवकर आणि फार चांगलें सांगितलें. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालीं 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कथा ना. ह. आपटे यांची. एका गरीब शेतकऱ्याची जमीन सावकार खोट्या कागदाच्या जोरावर गिळंकृत करतो, आणि तो शेतकरी शहरांत जाऊन गिरणीकामगार होतो. त्या तरुण शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम यांनीं केलें होतें. पडद्यावर देव, दैत्य आणि सरदार वावरत होते असा तो काळ. त्या काळीं एका कर्जाच्या कागदाभोंवतीं चित्र उभें करणें हें धाडसच होतें. पुढें १९३६ सालीं याच विषयाचा बोलपटही पेंटरांनीं काढला. बिमल रॉय यांच्या १९५३ च्या 'दो बिघा जमीन'मध्येंही वाट हीच आहे. बलराज साहनींचा शंभू दोन बिघे वांचविण्यासाठीं कलकत्त्यास जाऊन हातरिक्षा ओढतो, आणि इतकें करून जमीन जाते ती जातेच. तिच्यावर कारखाना उभा राहतो. शंभूला लागलेली धाप त्या चित्रांत ऐकूं येते, हें मला त्याचें मोठेपण वाटतें. काम हें काम म्हणून दाखविलेलें असें थोडेंच आढळतें. भालजी पेंढारकरांच्या १९६५ च्या 'साधी माणसं'मधला लोहाराचा भाता आणि ऐरण हीं त्यांतलींच.

दारिद्र्याचें चित्र काढतांना पडद्याला वेळेचें भान असतें. दुःख सावकाश दाखवितात. पण नायकाच्या मनांत महत्त्वाकांक्षा शिरली रे शिरली कीं त्याची चाल बदलते आणि वर्षें क्षणांसारखीं पळूं लागतात. असें कां व्हावें याचा विचार करूं लागलों कीं मला दादासाहेब फाळके यांचें एक अगदीं चिमुकलें चित्र आठवतें.

फाळके हे मूळचे छपाईच्या धंद्यांतले. भागीदारांशीं न पटल्यामुळें त्यांनीं तो चालता धंदा सोडला होता. चाळिशी उलटलेली, हातांत नेमकें काम नाहीं, घरांत मुलेंबाळें. अशा वेळीं मुंबईंत ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक चित्र त्यांनीं पाहिलें, आणि आपल्या देवांचीं अशीं चित्रें आपणच कां काढूं नयेत, असें त्यांच्या मनानें घेतलें. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ सालीं ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. पुढचा पैसा उभा करावयाचा होता. नुसत्या बोलण्यावर कोण पैसे देणार? तेव्हां त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, त्यावर कॅमेरा रोखला, आणि ठराविक वेळानें एकेक छबि घेत त्या अंकुराची वाढ फितीवर उतरविली. अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर कांहीं क्षणांत डोळ्यांदेखत घडूं लागली. पैसे देणाऱ्याची खात्री पटली. तरीही तेवढ्यानें भागलें नाहीं आणि सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने गहाण पडले, हा भाग वेगळा.

या वाटाण्याच्या चित्रांत सिनेमाचें सगळें सामर्थ्य सांठविलेलें आहे, आणि माझ्या मतें त्याची फसगतही. अंकुर वाढतो यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसला, हें सामर्थ्य. परंतु वाढीला जो वेळ लागला तो मात्र पुसला गेला. कॅमेऱ्याशेजारीं बसलेल्या माणसानें दिवस मोजले, पाणी घातलें, उजेड राखला. पडद्यासमोर बसलेल्या माणसानें फक्त अंकुर पाहिला. आमच्या किराणा दुकानदाराचा मुलगा हा त्या दुसऱ्या माणसाचा वंशज. आपण सर्वच आहों.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला, हें सर्वांना ठाऊक आहे. त्याआधींचे महिने कसे गेले तें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून एका उपाहारगृहांत स्वयंपाक्याचें काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, फितीला भोंकें पाडीत, उन्हांत पांढरी चादर धरून उभ्या राहत. नाटक-सिनेमाचें काम हलकें मानलें जाई, म्हणून कोणी विचारल्यास आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरींत कामाला आहों असें सांगावें, असें फाळक्यांनीं नटांना बजावलें होतें. या सांगण्यांत लबाडी होती असें मी म्हणणार नाहीं. ती खरोखर फॅक्टरीच होती. परेश मोकाशी यांनीं २००९ च्या आपल्या चित्रपटाला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हेंच नांव दिलें, आणि त्यांत घर आणि धंदा कसे एकाच ओसरीवर नांदतात तें मोठ्या आनंदानें दाखविलें. कर्जाचे प्रसंग मात्र त्यांत हंसत खेळत निघून जातात. चित्रपट यशाच्या दिवसांपाशीं थांबतो. फाळके यांना थांबतां आलें नाहीं. १९१८ सालीं भांडवलवाल्यांबरोबर काढलेली हिंदुस्थान फिल्म कंपनी, त्यांच्याशीं झालेले मतभेद, कंपनी सोडणें, परत येणें, बोलपट आल्यावर मागें पडणें आणि १९४४ सालीं नाशिकास झालेला शेवट, हा भाग त्या चित्रपटाच्या बाहेरचा आहे. कथाकाराला कोठें तरी थांबावें लागतें हें मान्य. पण जो कोणी त्यावरून धंदा शिकूं पाहील त्यानें अर्धेंच पुस्तक वाचलें असें होईल.

आतां वेळ वगळला म्हणजे धंद्यांतून काय काय नाहींसें होतें तें पाहूं. सर्वांत आधीं नाहींशी होते ती उधारी, आणि उधारी म्हणजे तर व्यापाराचा श्वास. याचें जें उदाहरण मला सर्वांत बोलकें वाटतें तें एखाद्या शेटजींचें नसून गिरणगांवांतल्या खाणावळवालीचें आहे.

चाकरमानी मुंबईंत एकटा असे. गांवकीच्या खोलींत दहा-पंधरा जणांनीं राहावयाचें, पाळीप्रमाणें आळीपाळीनें झोंपावयाचें; बायकामुलें गांवीं. जेवण खाणावळींत. ही खाणावळ चालविणारी बाई बहुधा एखाद्या कामगाराचीच बायको किंवा विधवा. तिचा हिशेब असा, कीं गिऱ्हाईक पैसे देणार पगार झाल्यावर, आणि तोंपर्यंत महिनाभर पीठ, तांदूळ, तेल, सरपण हें सारें तिनें आणावयाचें. वाणी उधार देई, पण चढ्या भावानें. तें पुरलें नाहीं तर सावकार, आणि सावकाराचें व्याज सांगावयासच नको. नीट विचार केला तर काय दिसतें? कामगाराचा पगार महिन्याच्या शेवटीं होणार. तोंवर त्या कामगाराच्या पोटाला जें भांडवल लागे तें पुरवीत होती ही अंगठेबहाद्दर बाई, आपलें मंगळसूत्र गहाण ठेवून. मुंबईच्या कापडधंद्याच्या इतिहासांत गिरण्या काढणाऱ्यांचीं नांवें सांपडतात. तिचें सांपडत नाहीं. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें, आणि एकटीदुकटीला जें कधीं मिळालें नसतें तें राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज त्यांना गटागटानें मिळवून दिलें. सावकाराचा पाश सैल पडला तो अशा रीतीनें, कागद फाडून नव्हे. पडद्यावर खाणावळवाली आपणांस भेटते ती ताट वाढतांना. वाण्याच्या दाराशीं, "एक तारखेपर्यंत थांबा, भाऊ," असें म्हणत उभी असलेली ती क्वचितच दिसते.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले, आणि त्यानंतर तें जग पूर्ववत् झालें नाहीं. जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकावर महेश मांजरेकर यांनीं २०१० सालीं 'लालबाग परळ' काढला. संपानंतर एका कामगाराचें घर कसें विसकटतें तें त्यांत आहे. त्यांतही तरुणांची महत्त्वाकांक्षा वांकडी वाट धरते आणि पडदा त्या वाटेवर जरा जास्त वेळ रेंगाळतो, असें मला वाटलें. सुरे आणि पिस्तुलें पाहण्याला गर्दी होते. ट्रंक घेऊन कायमचे गांवीं परतलेले जे साचेवाले होते, पन्नाशीला टेकलेले, हातांत कसब होतें पण त्या कसबाला गांवांत साचा नव्हता, त्यांची गोष्ट पाहण्याला गर्दी कोठून होणार? त्यांच्या मुलांपैकीं कांहींना लोटे-परशुरामच्या रसायनांच्या कारखान्यांत काम मिळालें, कांहीं पुन्हां मुंबईसच गेले. कोंकण रेल्वे १९९८ सालीं संपूर्ण सुरू झाली, तेव्हां गांवीं येणें सोपें झालें आणि जाणेंही.

आंब्याच्या धंद्याविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण बागायतदाराचें नांव काढलें कीं लोकांना पेट्या आणि नोटा दिसूं लागतात. हापूसचें कलम लावलें म्हणजे पहिलीं वर्षें नुसतें राखावें लागतें, आणि पुरतें उत्पन्न हातीं येण्यास दहा-बारा वर्षें जातात. त्यानंतर दरसाल मोहोराची काळजी: ढग आले, पाऊस झाला, फुलकिडी पडल्या, उष्मा वाढला, कशानेंही हंगाम जातो. फवारणीला आणि राखणीला पैसा लागतो तो हंगामापूर्वीं. तो पुष्कळदां वाशीच्या बाजारांतला दलाल आगाऊ देतो, आणि मग माल त्याच्याचकडे पाठवावा लागतो; भाव तेथें ठरतो. २०१८ सालीं कोंकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें, ही चांगली गोष्ट झाली. पण ज्याचा माल हंगामापूर्वींच बांधला गेला, त्याला मानांकनाचा लाभ किती, हा प्रश्न उरतोच. १९२५ सालच्या पेंटरांना हा कागद ओळखीचा वाटला असता.

आतां पुन्हां चिपळूणला येतों, कारण त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें; तें पुढें दोन वर्षांनीं, फार वाईट रीतीनें, आपोआप मिळालें.

२२ जुलै २०२१ रोजीं पहांटे वाशिष्ठीचें आणि शिव नदीचें पाणी गांवांत शिरलें. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनीं भोगला होता, त्यांनीं त्या वेळच्या पाण्याची रेघ लक्षांत ठेवून फळ्या आणि पोटमाळे त्याच्या वर बांधून घेतले होते. या खेपेस पाणी त्या रेघेच्याही वर चढलें. दुकानें बुडालीं, घरें बुडालीं, १८६४ सालीं स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरांतले ग्रंथ भिजले. दोन-तीन दिवस घरोघरच्या पडद्यांवर चिपळूण दिसत होतें: होड्या, दोर, छपरांवर बसलेलीं माणसें. मग पाणी ओसरलें आणि पडदाही ओसरला. खरें काम त्यानंतर सुरू झालें, तें मात्र कोणी दाखविलें नाहीं. गाळ उपसणें पडद्यावर शोभत नाहीं. आज उपसलेला आणि उद्यां उपसावयाचा दोन्ही सारखेच दिसतात.

मी पेठेंत पोंचलों तेव्हां माझे स्नेही दुकानाच्या पायरीवर बसले होते आणि मुलगा आंत फावड्यानें गाळ ओढीत होता. साखरेचा पाक झाला होता, डाळी फुगून पोतीं उललीं होतीं. पण त्यांची नजर मालाकडे नव्हती. त्यांच्या मांडीवर उधारीची वही होती. पानें एकमेकांना चिकटलीं होतीं आणि शाई पसरली होती.

येथें थोडें थांबून दुकानाचें गणित सांगणें अवश्य आहे. भरलेलें दुकान पाहून आपण म्हणतों, याच्याकडे केवढा माल! प्रत्यक्षांत त्या मालाचा एक भाग घाऊक व्यापाऱ्याचा असतो. त्याचे पैसे पंधरवड्यानें किंवा महिन्यानें द्यावयाचे असतात. एक भाग बँकेच्या कर्जाचा. दुकानदाराचा स्वतःचा जो पैसा, त्यांतला बराचसा फळीवर नसतोच. तो गिऱ्हाइकांच्या घरीं, पिठाच्या आणि तेलाच्या डब्यांत, उधारीच्या रूपानें गेलेला असतो. म्हणजे पुरानें नेला तो बहुतांशीं दुसऱ्याचा माल, त्याचें देणें डोक्यावर राहिलें. आणि आपलें जें येणें, त्याचा पुरावा त्या ओल्या वहींत. माल पुन्हां भरतां येतो. वही भरतां येत नाहीं.

तिसऱ्या कीं चौथ्या दिवशीं त्यांच्या घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला. मी शेजारींच होतों. तो एवढेंच म्हणाला, "शेट, गाडी कधीं पाठवूं तें सांगा. मागलें मागाहून पाहूं." त्यानें कागद मागितला नाहीं, तारण मागितलें नाहीं. तीस वर्षें ठरल्या तारखेला पैसे पोंचले होते, एवढेंच तारण. बँकेचे अर्ज, पंचनामे, विम्याची पाहणी, सरकारची मदत हें सगळें पुढें यथावकाश होत राहिलें. दुकानाचें दार उघडलें तें त्या फोनवर. मग गिऱ्हाइकें येऊं लागलीं. कित्येकांनीं आपली उधारी आपल्या तोंडानें सांगितली, एका म्हातारीनें तर वहींत नसतील तेवढे रुपये जास्तच लिहावयास लाविले. कांहींनीं सांगितली नाहीं. सांगितली नाहीं अशांत एक-दोघे चांगले मोटारवाले होते, हेंही नमूद करून ठेवतों.

मुलगा हें सारें पाहत होता. तो त्या दिवशीं कांहीं बोलला नाहीं. गाळानें माखलेल्या माणसाला तत्त्वज्ञान सुचत नाहीं. आठवड्याभरानें मात्र त्यानें मला विचारलें, "काका, बाबांनीं तीस वर्षें जें सांठवलें तें कुठल्या खात्यावर लिहितात?" मीं सांगितलें, "अरे, त्याला वहींत रकाना नाहीं."

त्याची महत्त्वाकांक्षा गेली असें मात्र कोणी समजूं नये. जावी असें मलाही वाटत नाहीं. माणसानें मोठें होण्याची इच्छा धरणें यांत गैर तें काय? फाळक्यांनीं ती धरली, पेंटरांनीं धरली. पेंटरांच्याच कंपनींत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या चौघांनीं पैशाची बाजू सांभाळणाऱ्या सीतारामपंत कुलकर्ण्यांना घेऊन १९२९ सालीं कोल्हापुरांत 'प्रभात' काढली, तीही महत्त्वाकांक्षेनेंच. आणि त्यांनीं आधीं कित्येक वर्षें दुसऱ्याच्या कारखान्यांत रंग कालविले होते, कॅमेरे दुरुस्त केले होते. आमच्या मुलानें उधारी आतां मोबाइलवर नोंदवावयास सुरुवात केली आहे, म्हणजे पुन्हां पाणी आलें तरी वही बुडणार नाहीं. वडील मोबाइलवर विश्वास ठेवीत नाहींत, म्हणून कागदी वहीही चालू आहे. ती मात्र रात्रीं दुकानांत न ठेवतां घरीं, माळ्यावर नेली जाते.

सध्यां दोघांत वाद आहे तो दुसराच. मुलाला खेडला एका साबणाच्या मालाची एजन्सी घ्यावयाची आहे. गाडी घ्यावी, खेड ते गुहागरपर्यंतच्या दुकानांना माल पोंचवावा, असा त्याचा बेत. वडील म्हणतात, तेथल्या दुकानदारांना आपण ओळखत नाहीं. महिन्याची उधारी कोणाच्या भरंवशावर सोडावयाची? मुलगा म्हणतो, तुम्हीही पहिल्या दिवशीं कोणाला ओळखत नव्हतां. मला विचाराल तर वडिलांची शंका खरी आणि मुलाचें उत्तरही खोटें नाहीं. गेल्या खेपेस मी गेलों तेव्हां दोघे गादीवर बसून गाडीचा हप्ता, डिझेल, दुकानामागें किती दिवसांची उधारी सोसेल, हा हिशेब कागदावर मांडीत होते. एका रकमेवरून त्यांचें जुळेना. मी बराच वेळ बसून होतों. मला चहा सांगावयाचें दोघांच्याही लक्षांत राहिलें नाहीं.